डॉक्टर, आवाज येतोय का?

सर्जनसाहेबांनी टेबल सोडलं आणि कोपऱ्यातली खुर्ची पकडली. मग टेबलापाशी उरलेल्यांचं काय झालं? रोबोटवाल्या ऑपरेशन थिएटरमधल्या टीमवर्कची गोष्ट.

हिंदी सिनेमातलं ऑपरेशन आठवा. बाहेर लाल दिवा, बाकड्यावर हिरोची आई, आणि आत डोळ्यांपुरतेच दिसणारे चार-पाच जण टेबलावर वाकलेले. मधला माणूस न बघता हात पुढे करतो, कुणीतरी त्या हातात कात्री ठेवतं. कुणी त्याच्या कपाळावरचा घाम टिपतं. यात बाकी सगळी फिल्मीगिरी असली, तरी एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे. सगळे खांद्याला खांदा लावून उभे असतात.

आता या सीनमधल्या मेन डॉक्टरला अलगद उचला आणि खोलीच्या कोपऱ्यात नेऊन बसवा. पायातल्या चपला काढलेल्या, कारण पायाखाली पेडल्स आहेत आणि ती तळव्याला नीट कळायला हवीत. हातात ग्लोव्हज नाहीत. डोकं एका मोठ्या यंत्राच्या खिडकीत खुपसलेलं. आणि तिकडे टेबलापाशी, पेशंटच्या पोटावर, प्लास्टिकचे झगे घातलेले चार लांबलचक यांत्रिक हात. दिसायला एकदम सायन्स फिक्शन!

रोबोटिक सर्जरीच्या जाहिराती आता हायवेवरच्या होर्डिंगवरही दिसतात. त्यात फोटो असतो तो या चार हातांचा, किंवा छातीवर हाताची घडी घातलेल्या डॉक्टरांचा. टेबलापाशी उभ्या असलेल्या सिस्टरचा, असिस्टंटचा, भूल देणाऱ्या डॉक्टरांचा फोटो मी तरी अजून पाहिलेला नाही. मला त्यांच्याबद्दलच लिहायचंय. कारण रोबोट आल्यावर सर्जनची खुर्ची बदलली हे सगळ्यांना दिसतं, पण बाकीच्यांचं अख्खं कामच बदललं.

आधी थोडा बेसिक फंडा

रोबोट स्वतःहून काही करत नाही, हे एकदा क्लिअर करून टाकू. तो ऑपरेशन ‘करत’ नाही, सर्जनचा हात लांबवतो. जगात सगळ्यात जास्त नाव झालं ते ‘दा विंची’ या सिस्टिमचं. कॅलिफोर्नियातल्या इन्ट्युइटिव्ह सर्जिकल या कंपनीची ही निर्मिती. अमेरिकेच्या एफडीएने २००० साली तिला सर्वसाधारण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता दिली. तिचे तीन भाग असतात. एक कन्सोल, जिथे सर्जन बसतो. दुसरी हातांची गाडी, जी पेशंटला जोडली जाते. तिसरी स्क्रीन आणि कॅमेऱ्याची ट्रॉली. सर्जनला आतलं दृश्य थ्री-डीमध्ये दिसतं, तेही दहापट मोठं. हाताची थरथर गाळली जाते. माणसाच्या मनगटाला जमणार नाहीत असे कोन ही अवजारं सहज पकडतात.

या कन्सोलमध्ये एक बारीकशी गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळी कहाणी तिच्यात आहे. डोकं टेकवायच्या जागी सेन्सर असतो. सर्जनने डोकं बाहेर काढलं की अवजारं आहे तिथे थिजतात. सेफ्टीसाठी हे हवंच. पण याचा दुसरा अर्थ काय? टीमकडे एक नजर टाकायची तर काम थांबवावं लागतं. काम चालू असताना सर्जनला पेशंटचं आतलं जग दहापट मोठं दिसतं, आणि बाहेरचं जग अजिबात दिसत नाही.

भिंतीला चिकटून साडेतीन तास

मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये (नाव छापायचं नाही, याच अटीवर परवानगी मिळाली) मी प्रोस्टेटच्या एका केसला साडेतीन तास उभी होते. पेशंटने लेखी संमती दिली होती. मला फक्त एकच सूचना होती : निळ्या कापडापासून चार फूट लांब, आणि कशालाही हात लावायचा नाही.

मला वाटलं होतं, आत पिनड्रॉप सायलेन्स असेल. तिथे सतत बोलणं चालू होतं. तेही गप्पा नव्हेत. तुकड्या-तुकड्यांचं, रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखं.

‘सर, तीन नंबर बाहेर काढतेय.’
‘काढा.’
‘काढला. कात्री लावतेय. आत येतेय.’
‘दिसली. थांबा. ओके.’
‘नीडल आत.’
‘नीडल मिळाली.’

प्रत्येक वाक्याला उत्तर. उत्तर आलं नाही की वाक्य पुन्हा. सुई आत गेली ती मोठ्याने, बाहेर आली ती मोठ्याने, मोजली तीही मोठ्याने. कन्सोलमध्ये माइक असतो, ट्रॉलीवर स्पीकर, त्यामुळे सरांचा आवाज सर जिथे बसलेत तिथून न येता भलतीकडूनच यायचा. पहिल्यांदा मी चक्क स्पीकरकडे बघून मान डोलावली. सक्शनची घरघर, यंत्रांच्या पंख्यांचा आवाज, मॉनिटरची टिकटिक... आणि या सगळ्यातून ती तुटक वाक्यं.

आमच्या मासकॉमच्या कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात एक आकृती काढायला लावतात. सेंडर, मेसेज, चॅनल, रिसीव्हर, मध्ये नॉइज आणि खालून फिरून येणारा फीडबॅकचा बाण. परीक्षेपुरती पाठ केलेली ती आकृती मला त्या दिवशी जिवंत दिसली. फीडबॅकचा बाण नसेल तर काय होतं, तेही कळलं. एकदा सरांनी काहीतरी मागितलं, दोघांना वाटलं दुसऱ्याने ऐकलंय, आणि पाच-सहा सेकंद कुणीच हललं नाही. काही बिघडलं नाही. पण पाच सेकंद किती मोठे असू शकतात, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

नजरेची भाषा गेली

माझी एक मावसबहीण बारा वर्षं ओटी सिस्टर आहे. आधी उघड्या शस्त्रक्रिया, मग दुर्बिणीच्या, आता चार वर्षं रोबोट. तिच्याकडून समजलेली गोष्ट अशी, की जुन्या पद्धतीत चांगल्या सिस्टरची ओळख एकच होती : सरांना मागावं लागता कामा नये. सरांचे खांदे कसे आहेत, श्वास कसा चाललाय, डोळे कुठे आहेत, यावरून पुढचं अवजार कुठलं हे तिला आधीच कळायचं. भुवई वर गेली की क्लॅम्प. हात नुसता उघडला की टाके घालायची सुई. नव्या सर्जनला सहा महिन्यांत ‘वाचून’ काढायची ही विद्या कुठल्या नर्सिंग कॉलेजात शिकवत नाहीत.

रोबोट आला आणि वाचायला चेहराच उरला नाही. दिसते ती फक्त स्क्रीन. त्यावर सरांच्या अवजारांची हालचाल बघून अंदाज बांधायचा. तिच्या म्हणण्यानुसार, पहिले काही महिने तिला आपण एकदम फ्रेशर झाल्यासारखं वाटत होतं. आता ती अवजाराच्या टोकावरून मूड ओळखते म्हणे. टोक जरा घुटमळलं की सरांना काहीतरी खटकतंय! पण तिथवर पोचायला त्याच सरांबरोबर, त्याच टीमबरोबर भरपूर केसेस कराव्या लागल्या.

तिकडे सरांचीही पंचाईत असतेच. टेबलापाशी असिस्टंटची कोपर दोन यांत्रिक हातांच्या मध्ये अडकलीय, हे त्यांना दिसत नाही. आपण इकडे मनगट वळवलं की तिकडे यंत्राचा दांडा कुणाच्या तरी डोक्याशी येतो, हेही नाही. शिवाय बहुतेक सिस्टिम्समध्ये स्पर्श नाही. ऊतक किती ताणलं जातंय हे बोटाला कळत नाही, डोळ्यांनी ओळखायचं. २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘दा विंची ५’ मध्ये जोर जाणवून देणारी अवजारं आली, पण हॉस्पिटलांमधली सगळी यंत्रं काही रातोरात बदलत नाहीत. तोवर, पोट कसं लागतंय, दांडा कुठे दाबतोय, हे टेबलापाशी उभ्या माणसाने सांगायचं.

आणि भूलतज्ज्ञ? प्रोस्टेटच्या केसमध्ये टेबल डोक्याकडे चांगलंच खाली झुकवतात. त्यावर रोबोटचे हात जोडलेले. पेशंटपर्यंत पोचायची जागा अगदी चिंचोळी. अवजारं आत असताना पेशंट जरासा जरी हलला तर आत इजा होऊ शकते, म्हणून स्नायू पूर्ण सैल ठेवायचे. टेबल हलवायचं असेल तर बऱ्याच यंत्रांत आधी हात सोडवावे लागतात. म्हणजे पूर्वी मॅडमनी गुपचूप टेबलाची कळ दाबली असती तिथे आता आधी सगळ्यांना सांगावं लागतं, सगळ्यांचा होकार घ्यावा लागतो.

न्यूकॅसलची केस

हे सगळं ‘जरा अॅडजस्ट करावं लागतं’ टाइपचं वाटत असेल तर इंग्लंडमधली एक गोष्ट सांगते. न्यूकॅसलमधल्या फ्रीमन हॉस्पिटलमध्ये फेब्रुवारी २०१५ मध्ये एका रुग्णाच्या हृदयाच्या झडपेची रोबोटच्या मदतीने दुरुस्ती करायची ठरली. ब्रिटनमधली अशा प्रकारची ही पहिली शस्त्रक्रिया. रुग्ण वाचला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या मृत्यूची चौकशी झाली, आणि त्यात जे बाहेर आलं ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

कन्सोलमधून येणारा सर्जनचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता. टेबलापाशी असलेल्या सहकारी सर्जनला त्यांच्याशी बोलणं अवघड जात होतं. टाके जसे पडायला हवेत तसे पडत नाहीयेत, हे टेबलापाशी दिसत होतं. मदतीला बोलावलेले दोन तज्ज्ञ ऑपरेशन संपायच्या आधीच निघून गेले होते. रुग्णाचा मृत्यू शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीमुळे झाला, आणि काही अंशी ती रोबोटच्या साहाय्याने केल्यामुळे झाला, असा निष्कर्ष चौकशी अधिकाऱ्यांनी नोंदवला. हॉस्पिटलने माफी मागितली.

यात यंत्र ‘वेडं’ झालं नव्हतं, हे लक्षात घ्या. सर्जनला त्या यंत्रावरचं ट्रेनिंग आणि सराव पुरेसा नव्हता, हा चौकशीतला मोठा मुद्दा होता. पण मला राहून राहून तो आवाज आठवतो. एकाच खोलीतली दोन माणसं, मध्ये काही फुटांचं अंतर. एकाला दिसतंय की काहीतरी चुकतंय. आणि ते दुसऱ्यापर्यंत पोचत नाही!

बोलायची हिंमत कुणाची?

आवाज पोचणं ही झाली टेक्निकल बाजू. माइक चांगला घ्या, प्रश्न मिटला. पण टेबलापाशी उभा असलेला तिशीतला असिस्टंट पन्नाशीच्या सरांना ‘सर, थांबा’ म्हणेल का? आपल्याकडे तर ‘सर’ या शब्दातच अर्धी वाक्यं गिळली जातात. (तुमच्या ऑफिसात बॉसच्या प्रेझेंटेशनमधला आकडा चुकलाय हे भर मीटिंगमध्ये कोण सांगतं? हं, तेच.)

हार्वर्डच्या एमी एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. तो रोबोटचा नव्हता, पण रोबोटच्या सख्ख्या चुलतभावाचा म्हणता येईल. छातीचं हाड न कापता, लहानशा छेदातून हृदयाची शस्त्रक्रिया करायची नवी पद्धत १६ हॉस्पिटलांनी सुरू केली, तेव्हा कोण पटकन शिकलं आणि कोण रखडलं, हे त्यांनी पाहिलं. या पद्धतीतही सर्जनला हृदय पहिल्यासारखं थेट दिसत नव्हतं. बरीचशी माहिती भूलतज्ज्ञाच्या आणि इतरांच्या स्क्रीनवरून, त्यांच्या तोंडून यायची. कालपर्यंत हुकूम देणारा माणूस आज माहितीसाठी इतरांवर अवलंबून.

सगळ्यांना लाटेत वाटेल, नामांकित हॉस्पिटल आणि सीनियर सर्जन यांनी बाजी मारली असेल. तसं झालं नाही. हॉस्पिटलचं नाव, सर्जनची ज्येष्ठता यांचा फारसा संबंधच सापडला नाही. ज्या टीम्स पुढे गेल्या तिथे सर्जनने सुरुवातीलाच सांगितलेलं असायचं, की मला तुमची गरज आहे, दिसेल ते बोला. पहिल्या काही केसेस त्याच त्या माणसांनी एकत्र केल्या. आणि जिथे सर्जनच्या लेखी हे निव्वळ नवीन यंत्र होतं, बाकी सगळं जैसे थे, तिथे गाडी अडली.

तोंड उघडायची सोय मुद्दाम करावी लागते, हे अतुल गवांदेंनीही दाखवलंय. (होय, गवांदे आपलेच. अमेरिकेतले नामवंत सर्जन आणि लेखक, पण मूळ घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं.) त्यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक चेकलिस्ट आणली. त्यात चाकू लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असा एक मुद्दा आहे. ऐकायला पोरकट वाटतं ना? दिल्लीसह आठ शहरांमधल्या आठ हॉस्पिटलांत ही चेकलिस्ट वापरून पाहिली. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. श्रेय एकट्या नाव सांगण्याला देता येणार नाही, यादीत बरंच काही होतं. पण ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडलंय, त्याला नंतर ‘थांबा’ म्हणणं सोपं जातं, हे पटतं. रोबोटच्या खोलीत तर ते आणखी पटतं. तिथे चेहरा दिसत नाही, आवाजावरूनच माणूस ओळखायचा असतो.

मी पाहिलेल्या केसमध्येही हा राउंड झाला. ओटीतल्या मामांनीही आपलं नाव सांगितलं. लाइट आणि टेबलाची वायर त्यांच्या ताब्यात होती.

आणि ज्युनियरचं काय?

या विषयातला मला सगळ्यात जास्त टोचलेला भाग हा आहे, कारण तो आपल्या सगळ्यांच्या ऑफिसात शिरतोय.

उघड्या शस्त्रक्रियेत सीनियरला दुसरे हात लागायचेच. कुणीतरी जखमेची कड ओढून धरायची, कुणी रक्त टिपायचं, कुणी गाठ मारायची. म्हणजे शिकाऊ डॉक्टरचे हात तासन् तास आत असायचे. कंटाळवाणं काम, शिव्याही खायच्या, पण त्यातूनच हात तयार व्हायचा. रोबोटमध्ये सीनियर एकटाच तीन अवजारं आणि कॅमेरा सांभाळू शकतो. ज्युनियरची ‘गरज’ संपली! मॅट बीन या अमेरिकन संशोधकाने रोबोटिक सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरांचा दीर्घकाळ अभ्यास करून २०१९ मध्ये हेच मांडलं. दुसरा कन्सोल असतो, ज्युनियर त्यात डोकं घालून बसतो, आणि बघतो. सरांनी दिलं तर थोडा वेळ कंट्रोल मिळतो. काही गडबड वाटली की सर एका टॅपमध्ये तो परत घेतात.

मग काही मोजकी मुलं तरी तयार झाली ती कशी? बीन यांच्या मते, चोरवाटांनी. बाकीचं शिक्षण बाजूला ठेवून फार लवकर रोबोटच्या मागे लागणं, तासन् तास सिम्युलेटर, ऑपरेशनांचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघणं, आणि जिथे वर लक्ष ठेवणारे कमी आहेत अशा ठिकाणी स्वतः धडपडत करणं. ही शेवटची वाट पेशंटच्या बाजूने वाचून बघा. घशाशी आवंढा येतो की नाही?

जुन्या ओटीत सरांचा राग तुमच्या हातावर फटका मारून व्यक्त व्हायचा, असं जुने डॉक्टर हसत सांगतात. त्या फटक्याचं समर्थन मी करणार नाही. पण हात आत होता म्हणून तर फटका बसत होता.

पुण्यापासून गुरुग्रामपर्यंत : डब्यातून बाहेर

यंत्र बनवणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. केंब्रिजच्या सीएमआर सर्जिकल कंपनीने ‘व्हर्सियस’ नावाचा रोबोट आणला. त्यात सर्जनने डोकं कशातही खुपसायचं नाही. समोर मोकळी स्क्रीन, डोळ्यांवर थ्री-डी चष्मा, हातात व्हिडिओ गेमसारखे कंट्रोल, हवं तर बसा, हवं तर उभे राहा. म्हणजे मान वळवली की टीम दिसते, आणि बोललेलं थेट कानावर येतं. हा रोबोट माणसावर जगात पहिल्यांदा वापरला गेला तो कुठे? पुण्यात! दीनानाथ मंगेशकर हॉस्पिटलमध्ये, २०१९ साली. पुणेकरांना याचा अभिमान वाटेलच, त्यांना वेगळं सांगायला नको.

गुरुग्रामच्या एसएस इनोव्हेशन्सने बनवलेल्या ‘मंत्रा’ या भारतीय रोबोटचा कन्सोलही असाच मोकळा आहे. आता मोकळा चांगला की बंद, यावर सर्जन मंडळी तुमच्या-आमच्या आयफोन-अँड्रॉइडसारखी भांडू शकतात. बंद कन्सोलचे चाहते म्हणतात, बाहेरचं दिसत नाही हाच तर फायदा आहे, लक्ष विचलित होत नाही. त्यात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये ओटीत बसून केलेल्या अभ्यासांतही काही सर्जननी एकाग्रता वाढल्याचं सांगितलं होतं. सरावलेली, एकमेकांना ओळखणारी टीम असेल तर अंतराचा त्रास बराच कमी होतो, असंही त्यात दिसलं. डबा बंद असो की उघडा, टीम मात्र दर वेळी नवी नसावी.

आणि रोबोट म्हणजे आपोआप भारी रिझल्ट, हा समजही एकदा बाजूला ठेवूया. गुदाशयाच्या कॅन्सरच्या ४७१ रुग्णांवरची ‘रोलार’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. ऐनवेळी पोट उघडावं लागण्याचं प्रमाण साध्या दुर्बिणीत १२.२ टक्के, रोबोटमध्ये ८.१ टक्के. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो पक्का ठरला नाही. प्रोस्टेटसारख्या अडचणीच्या जागी रोबोट सर्जनसाठी वरदान आहे हे खरंच. ताठ बसून काम केल्यामुळे त्यांची मान-पाठ वाचते, हेही काही कमी नाही.

एकट्याचं विमान

अंतराचाच विषय निघालाय तर सगळ्यात लांबची गोष्ट सांगायलाच हवी. ७ सप्टेंबर २००१. फ्रेंच सर्जन जाक मारेस्को न्यूयॉर्कमध्ये बसले होते आणि पेशंट होती अटलांटिकपलीकडे, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला. ‘झ्यूस’ नावाच्या रोबोटने त्यांनी तिचं पित्ताशय काढलं. इकडे हात हलवल्यापासून तिकडची हालचाल इकडच्या स्क्रीनवर दिसेपर्यंत सेकंदाचा साधारण सहावा-सातवा भाग जायचा. चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये जे घडलं त्यात ही बातमी वाहून गेली. अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, गुरुग्रामहून जयपूरच्या पेशंटवर ‘मंत्रा’ने हृदयाची शस्त्रक्रिया झाली.

गंमत म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या शस्त्रक्रियेला नाव दिलं होतं ‘ऑपरेशन लिंडबर्ग’. चार्ल्स लिंडबर्ग १९२७ मध्ये अटलांटिक पार करून गेला तो विमानात अगदी एकटा. इथे मात्र स्ट्रासबर्गच्या खोलीत डॉक्टरांची टीम तयार उभी होती, कारण लाइन तुटली तर पेशंटपाशी असणार होते तेच. मधल्या केबलसाठी इंजिनियर होते ते वेगळेच. एकट्याच्या नावाचं इतकं गर्दीचं ऑपरेशन दुसरं झालं नसेल.

लाइन तुटण्याची भीती खोलीतल्या खोलीतही असते. आत अचानक मोठा रक्तस्राव झाला, किंवा हृदय थांबलं, तर? कन्सोलवरचे सर स्टराइल नसतात. त्यांनी उठून गाऊन-ग्लोव्हज चढवून टेबलापाशी येईपर्यंत पेशंट असतो तो असिस्टंटच्या आणि सिस्टरच्या हातात. अवजारं बाहेर काढायची, चारही हात सोडवायचे, गाडी मागे ढकलायची, भूलतज्ज्ञांना जागा करून द्यायची. कोणी काय करायचं हे त्या क्षणी ठरवायला वेळ नसतो. म्हणून चांगली हॉस्पिटलं याची रंगीत तालीम घेतात. पुतळ्यावर, घड्याळ लावून. माझ्या मावसबहिणीच्या ओटीत ती नियमित होते. ‘कन्व्हर्ट’ हा शब्द कुणीही उच्चारू शकतं, अगदी सगळ्यात ज्युनियर सिस्टरही, असा तिथे नियम आहे. तिने स्वतः तालमीत तो दोनदा उच्चारलाय. खऱ्या केसमध्ये एकदा. त्या एका वेळेबद्दल तिने मला इतकंच सांगितलं, की पेशंट घरी गेला, आणि सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वडापाव दिला.

तेव्हा उद्या तुमच्या बाबांसाठी किंवा काकूंसाठी डॉक्टरांनी रोबोटचा पर्याय सुचवला, तर मशीन कुठल्या कंपनीचं, डॉक्टरांनी किती केसेस केल्या, हे तुम्ही विचारालच. गुगल करून जाणारी पिढी आहे आपली. सोबत आणखी एक विचारा. टेबलापाशी कोण उभं राहणार आहे, आणि या सगळ्यांनी मिळून आजवर किती केसेस केल्यात? मी हा प्रश्न तीन हॉस्पिटलांच्या चौकशी काउंटरवर विचारून पाहिला. दोन ठिकाणी मला ब्रोशर मिळालं. तिसरीकडच्या मुलीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, फोन उचलला, आणि ओटीच्या इन्चार्ज सिस्टरना खाली बोलावलं.